शेजारच्या घरातलं बी

माझी शाळा संपली. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं की नाही हे ठरायच्या आतच वडिलांची पलटण परदेशी गेली. त्यामुळे ते वर्ष आई आणि मी म्हसवडच्या बाजूला एका लहान गावात, मामांकडे काढलं. मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात वाढलेली. गावातलं बोलणं मला सगळं कळायचं, पण तोंडातून पटकन काही निघायचं नाही. मग मी ऐकत बसायची. बायका मला शिष्ट समजायच्या आणि मीही तो समज तसाच राहू द्यायची. त्यात सोय होती.

त्या वर्षी बाजरी वीतभर वाढली आणि उभीच्या उभी वाळली. मामा बैल जगवायला कृष्णाकाठच्या पाहुण्यांकडे गेले होते. घरात मामी, आई आणि मी अशा तिघीच होतो. लढाईमुळे बाजारात धान्य येत नव्हतं. वडिलांची मनिऑर्डर यायची, ती आई ट्रंकेत ठेवून द्यायची, कारण घेण्यासारखं काही नसायचं. हुलग्याचं पीठ पाण्यात शिजवून केलेलं पातळ माडगं आम्ही सकाळी प्यायचो आणि संध्याकाळीही तेच. भाकरीचा विषय कुणी काढत नव्हतं.

तरी घरात ज्वारी होती. चुलीच्या मागच्या कोपऱ्यात एक मोठा डेरा होता, त्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं बियाणं. तोंड शेणमातीनं लिंपलेलं आणि ओल्या लिंपणावर एका बाईचा पंजा उठवलेला. तो पंजा मामीचा नव्हता, कारण बियाणं आमचं नव्हतं. ते भिंतीपलीकडच्या घराचं होतं आणि आमचं त्यांच्याकडे होतं. त्या गावात वाईट वर्षी बी असंच ठेवत. घरात पोरं रडायला लागली की आपल्या डेऱ्याला हात जातो. दुसऱ्याचा पंजा मोडायला मात्र मन धजत नाही. हस्ताचा पाऊस पडला तर त्या बियावर पेरणी व्हायची. तोवर ते खाल्लं गेलं, तर पाऊस पडूनही रान तसंच राहणार होतं.

मला शाळेतल्या सिस्टरची आठवण यायची. त्या आयर्लंडच्या. शिवणाच्या तासाला एकदा त्यांनी त्यांच्या आजीच्या गावाची गोष्ट सांगितली होती. बटाटे जमिनीतल्या जमिनीत काळे पडले, गावभर कुजका वास सुटला, लोकांनी गवत उकडून खाल्लं आणि शेवटी लावायला ठेवलेले बटाटेही खाल्ले. पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं, पण लावलेलंच थोडं, म्हणून भूक हटली नाही. हे सांगताना त्यांनी सुई खाली ठेवली नव्हती.

एका दुपारी हुलगे निवडताना मी हे मामीला सांगितलं. एवढं सलग मी तिथे पहिल्यांदाच बोलले असेन.

"बटाटा म्हंजे आपुन उपासाला खातो त्योच?" मामीनं विचारलं.

"हो, तोच. तिकडे गरीब लोक रोज तेच खायचे."

"म्हंजे बारा म्हैनं उपासच की गं." ती हसली. मग सुपातला खडा काढून तिनं बाजूला टाकला. "आनि बी कुनाच्यात ठेवलं हुतं त्यांनी?"

"आपापल्या घरात."

"मग ऱ्हातंय व्हय?" मामी म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला. आम्ही तिघीही थांबलो. पलीकडच्या घरात एकटी सून होती. नवरा पलटणीत आणि मांडीवर तान्हं मूल. तिच्याकडे दाणे नव्हते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

आई हळूच म्हणाली, "वहिनी, ऐकलंत का?"

"कोंड्याची असंल."

"कोंड्याची भाकरी थापता येते का? मोडते ती."

"मग मोडत असंल," मामी म्हणाली आणि चुलीत काटक्या सारत राहिली.

आईचं समाधान झालं नाही. आपला डेरा एकदा बघून यावा, हे ती रोज वेगवेगळ्या शब्दांत सांगू लागली. एकदा तर कोपऱ्यातल्या डेऱ्याकडे बघून म्हणाली, "त्यांनी आपलं उघडलं असेल तर आपण यांचं का सांभाळायचं? पोरीची हाडं निघालीत." पोरगी म्हणजे मी. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठलं तरी माझी बाजू कळली असती, म्हणून बसून राहिले.

मामीनं डेऱ्यावर सूप पालथं घातलं. "वन्सं, तुमच्या पोरीला माडगं पचतंय. आवाजाच्या मागं जाऊ नगा."

भाकरीचा आवाज रोज यायचा नाही. यायचा तेव्हा मामी मुद्दाम भांडी घासायला बसायची. पातेल्यावर राख अशी खरखर फिरवायची की पलीकडचं काही ऐकू येऊ नये. आमच्याकडे घासण्यासारखी भांडी तेव्हा फार नव्हती.

हस्ताचा पाऊस लागला. चांगला, जमिनीत मुरणारा. मामा बैल घेऊन निघाल्याचा निरोप आला. त्याच दुपारी पलीकडची सून आमच्या दारात आली. एका काखेत मूल, दुसऱ्या काखेत आमचा डेरा. तो तिनं ज्या सहजतेनं खाली ठेवला, त्यावरूनच तो रिकामा असल्याचं कळलं.

"आक्का, म्या खाल्लं," ती म्हणाली. "दूध आटलं हुतं माजं. आमचं बी तुमच्यात हाय, ते आता तुमचं. आमचं रान ऱ्हाऊ द्या तसंच."

आईनं मामीकडे पाहिलं. मी मुलाकडे पाहत होते. ते चांगलं गुटगुटीत नव्हतं, पण जिवंत होतं आणि आपल्या आईच्या पदराशी झटत होतं.

मामी म्हणाली, "एवढी जाड भाकर थापत्यात व्हय? हितवर आवाज येत हुता. सासूनं काय शिकवलं न्हाई जनू."

ती सून बघतच राहिली. "तुमाला ठावं हुतं?"

"कान हायती मला."

"मग आला का न्हाई?"

"आले असते तर थापायची थांबली असतीस. मग ह्याला काय पाजलं असतंस?" मामीनं मूल तिच्याकडून घेतलं. "बस. पंजा तुजा हाय, तूच मोड."

डेऱ्याचं लिंपण तिनंच फोडलं. पेरणीला मामा पाभर हाकत होते आणि मामी पाभरीच्या चाड्यावर, दाणे सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून चालत होती. एरवी दाणे बोटांतून सुटतात त्याहून ती कमी सोडत होती. मामांनी एकदा मागे वळून म्हटलं, "लय पातळ पडतंय." मामीनं मूठ तशीच आवळून धरली. आमचा बांध आला तेव्हा बैल सवयीनं थांबले. मामीच्या ओटीत बी शिल्लक होतं. "हाका की," ती म्हणाली आणि पाभर पलीकडच्या रानात गेली. सून बांधावर मूल घेऊन उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

ज्वारी दोन्ही रानांत विरळच आली, पण आली. सुगीनंतर मी सांगलीला जायला निघाले, त्या आठवड्यात मामी नवं बियाणं डेऱ्यात भरत होती. लिंपणावर पंजा उठवून तिनं डेरा उचलला आणि पलीकडच्या दाराकडे निघाली.

"परत तिच्याकडेच?" आईनं विचारलं.

"दुसऱ्या कुनाच्यात ठेवला," मामी म्हणाली, "तर गावाला कळंल की."