चांदीची दाढ उपटायला सोलापूरला गेलो

माझ्या उजव्या दाढेत चाळीस वर्षांपूर्वी चांदी भरली होती. त्या चांदीत निम्मा पारा असतो, हे मी मोबाईलवर वाचलं आणि माझी झोप उडाली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पारा म्हणजे विष, एवढंच ठाऊक. ते आपण रोज थोडं थोडं गिळतोय असं मनाने घेतलं आणि सोमवारी सकाळी बायकोला घेऊन आमच्या केम गावाहून सोलापूरच्या रेल्वेगाडीत बसलो.

कुर्डुवाडीला चहा चांगला मिळतो, जरूर घ्या. मी घेतला नाही. गरम चहानं पारा वितळला तर?

"चाळीस वर्सं पिताय की," ही म्हणाली. "आजच वितळायला काय झालं?"

दवाखाना सात रस्ता चौकात आहे, सोलापूर स्टेशनवरून तिथं जायला रिक्षा मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा. मी घाबरलेला होतो, विचारायचं राहिलं आणि जास्त द्यावं लागलं.

दातांचे डॉक्टर म्हातारे, माझ्याच वयाचे. त्यांच्या दवाखान्यात जुन्या हत्यारांचं काचेचं कपाट आहे. शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र, दात पिरगळून काढायची लोखंडी किल्ली आणि काचेचा छोटा खल. त्या खलात चांदीची भुकटी पाऱ्यात घोटायची, जास्तीचा पारा कापडातून पिळून काढायचा आणि उरलेला गोळा दातात दाबायचा, असं त्यांनी सांगितलं. फार पूर्वी परदेशात चांदीची नाणी कानशीनं घासून भुकटी करत म्हणे. ती किल्ली बघून मी तोंडावर हात धरला.

खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, चांदी काढून टाका."

"मामा, कोरली की पाऱ्याची वाफ उठेल. घट्ट बसलीय तिथं बसू द्या." त्यांनी आरसा तोंडात फिरवला. "दाढ तर नव्यासारखी आहे. या बाजूनं खात नाही का?"

"न्हाय. चांदी हाय ती. झिजली तर?"

हिने पदर तोंडाला लावला. "मी म्हनतीय, ह्यो मानूस डावीकडंच का चावतोय! घरात चांदी हाय ह्ये मलाच ठावं न्हाय!"

डॉक्टर हसले नाहीत. डाव्या बाजूच्या एका दाढेवर त्यांनी हळूच ठोकलं आणि मी ओरडलो. चाळीस वर्षं एकटीनं सगळं दळून ती पार चिरली होती. काढायला आलो ती राहिली आणि डावीकडचीच गेली. सुई टोचली तेव्हा हिचा हात मी इतका दाबला की बांगडी पिचली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. जखम भरली, पण डावीकडे आता चावता येत नाही. डॉक्टरांचं म्हणणं मला पटलंय. तरी चांदीखाली भाकरीचा तुकडा आला की जबडा थांबतो. ही समोर बसून बघत असते.

"चावा. मी हाय की हितं."

मग मी चावतो.