पडद्याआडचा घास

आमच्या घरातला मी पहिला बी.ए. हे मी न विचारताही सांगतो. उमरग्याला एसटीनं जायचो आणि डबा अक्का करून द्यायची, तेही सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा तिची शाळा सुटली. पुढं आबांच्या, म्हणजे आमच्या वडलांच्या, अंगावरून वारं गेलं, आणि मग त्यांचं उठणं, बसणं, जेवण, सगळं तिच्याच हातात आलं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी, गाजलेली कादंबरी होती. त्यातली थोरली बहीण घरासाठी आलेली स्थळं परत पाठवते, धाकट्यांना वाढवते आणि झिजून मरते. शिकवताना सर चष्मा काढून पुसायचे. सुट्टीत मी ती अक्काला वाचून दाखवली. ती तूर निवडत ऐकायची. वाटलं होतं, शेवट ऐकून चिडंल. तिनं पदरानं डोळे पुसले.

"बाईचा जन्म असा कारणी लागावा बघ."

मी कादंबरी पुन्हा काढून वाचली. त्यातले घरचे सगळे थोरलीला देवी म्हणतात, पण तिच्या हातातलं काम कुणी घेत नाही. हे सरांनी शिकवलं नव्हतं.

यंदा सास्तूरचं स्थळ आलं. बायको वारलेला, शांत माणूस. अक्काला तो पसंत होता; त्याचा विषय निघाला की ती घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. पण आधीची स्थळं जिथं अडली, तिथंच हेही अडणार होतं. आबा तिच्याशिवाय कुणाच्या हातचं खायचे नाहीत. मी रोज दुधात भाकरी कुस्करून त्यांच्यापुढं बसायचो, ते तोंड घट्ट मिटायचे.

"बी.ए.ला भरवायचा पेपर नव्हता व्हय रं?" अक्का हसायची. मला हसू यायचं नाही.

पाहुणे आले ते नेमके आबांच्या जेवणाच्या वेळेला. त्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला दिला, चहा दिला. अक्काला बाहेर बसवलं आणि वाटी घेऊन मी आत गेलो. मधे नुसता पडदा.

बाहेर मुलाच्या आईनं विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय, पोरी?"

अक्का म्हणाली, "आमचे आबा..." आणि थांबली.

मी घास पुढं केला. आबांनी तोंड मिटलं. दूध माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

"घ्या आबा. पाया पडतो तुमच्या."

बाहेर बांगड्या वाजल्या. अक्का उठली होती. एकदा का ती आत आली, की पुन्हा बाहेर जाऊन बसायची नाही, मला पक्कं ठाऊक होतं.

आबा पडद्याकडं बघत होते. त्यांचा चांगला हात वर आला. वाटलं, वाटी उडवतायत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि घास आपणहून तोंडाशी नेला. मोठा ठसका लागला.

"आत कोण हाय गं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"धाकटा," अक्का म्हणाली. "आबांना भरवतोय."

"जेवतेत का?"

आबा सावकाश चावत होते.

"व्हय," अक्का म्हणाली. "जेवतेत."

बांगड्या पुन्हा वाजल्या. ती खाली बसली. मी दुसरा घास उचलला.