शालीची कंबर

रोखाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण एक्स-रेच्या खोलीत उभं राहून दिवसभर "श्वास घ्या, रोखा, हलू नका... हां, सोडा" म्हणणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? दवाखान्यातल्या आयाबायांनी हे नाव ठेवलं, तिथून ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलं आणि फिरत फिरत घरी येऊन पोचलं. नवरा लाडात आला की तोही आता रोखाबाईच म्हणतो. त्या रागावत नाहीत. उलट बाजारात कुणी मागून त्या नावानं हाक मारली तर वळूनही बघतात.

या रोखाबाईंना हातकामाचं भारी वेड. वेड म्हणजे सुरू करण्याचं. संपवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. कपाटाच्या खालच्या खणात सगळे पुरावे दाटीवाटीनं पडलेले असत. शेपूट भरायचं राहिलेला पक्षी, एकुलता एक पायमोजा, तीन बाजूंनी लेस लागलेला आणि चौथ्या बाजूनं उघडाबोडका टेबलक्लॉथ, अर्धी रंगवलेली फुलदाणी. मुलगी त्या खणाला अनाथालय म्हणायची, आणि पाहुण्यांसमोरही म्हणायची. रोखाबाई हसण्यावारी न्यायच्या, पण खण उघडायची वेळ आली की दुसरीकडे बघत उघडायच्या.

आता यात त्यांचा दोष किती, हेही बघायला हवं. आळस हा शब्द त्या बाईच्या आसपास फिरकत नाही. पण त्या सुई हातात घेऊन टेकल्या रे टेकल्या की घरादाराला त्याचा कसा कोण जाणे वास लागे. नवऱ्याला कात्री हवी असे. त्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, हत्यारांनी भरलेलं, पण घरातली कात्री त्याला या जन्मात सापडलेली नाही. मुलीला पोहण्याचा टॉवेल हवा असे. सासूबाईंना काहीच नको असे, पण "काय करतेयस गं?" एवढं विचारायचं असे. तेवढ्यात टाका निसटे, टाक्याबरोबर मन निसटे आणि खणात एका अनाथाची भर पडे.

शालीचं मात्र वेगळं होतं. एक्स-रेची खोली थंडगार ठेवतात, ती यंत्राच्या तब्येतीसाठी. माणसानं कुडकुडलं तरी चालतं. इतकी वर्षं कुडकुडल्यावर रोखाबाईंनी धुरकट निळी लोकर आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी विणायला घेतलं. आणि त्याच दिवशी जेवताना जाहीर केलं, "ही शाल पुरी झाली नाही, तर घरातली सगळी लोकर, सुया, रंग आयाबायांना वाटून टाकीन. पुन्हा या भानगडीत पडणार नाही. कानाला खडा."

नवरा म्हणाला, "बरं. मीठ दे जरा."

त्याला ते खरं वाटलं नाही. पण त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या. जे आपल्याच्यानं होत नाही त्याची हौस मिरवायची, आणि दर वेळी खण उघडताना खाली मान घालायची, याचा त्यांना वीट आला होता. शाल झाली तर आपण हे करू शकतो, नाही झाली तर विषय संपला. एवढं साधं त्यांनी ठरवून टाकलं होतं. 

वेळ त्यांनी शोधून काढला. मुलीच्या पोहण्याच्या क्लासला संध्याकाळी सोडायला जायचं, तिथं पोरांच्या आयांसाठी एक बाक होता. बाकीच्या आया फोनमध्ये डोकं घालून बसत, रोखाबाई पिशवीतून सुया काढत. तिथं कात्री मागायला कुणी नव्हतं. आत पोरं पाण्यात आरडाओरडा करत, क्लोरिनचा वास येई, आणि शाल वाढे. वीण त्यांनी मुद्दाम साधी घेतली होती. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मोजायचं काही नाही, लक्षात ठेवायचं काही नाही. कुठंही थांबावं, कुठूनही उचलावं. घरी आलं की पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवायची, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच काढायची.

निम्मी शाल सुरळीत झाली. मग एकदा बाकावर ती मांडीवर पसरली तर वरचा भाग आत ओढल्यासारखा दिसला. बोट फिरवलं. खालचे टाके सैल, मऊ, अगदी त्यांच्या हातचे. वरचे चारदोन ओळींचे टाके आवळलेले. विणणाऱ्याला स्वतःचा हात ओळखू येतो, आणि रोखाबाईंचा हात पहिल्यापासून सैल. 'दमले असेन,' त्या मनाशी म्हणाल्या, तेवढ्या ओळी उसवल्या आणि पुन्हा विणल्या.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा उसवलं. त्यानंतरही तेच. आता तर त्या विणताना मुद्दाम हात सैल सोडत, गाणं गुणगुणत, शेजारची आई चमकून बघे. बाकावर असेपर्यंत टाके छान पडत. पण पुढच्या वेळी पिशवी उघडावी तर वर आवळलेल्या ओळी हजर. आपण कधी किती विणलं याचा हिशेब त्यांनी ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे या ओळी आपल्याच, याबद्दल त्यांना शंका आली नाही. शंका आली ती बोटांची.

त्यांच्या आईची बोटं अशीच आखडत गेली होती. आधी बटण लागेना, मग पेला धरवेना. आणि रोखाबाई तर रोज असल्या हातांचे फोटो काढत. सांधे कसे दिसतात, कसे वाकतात, हे त्यांना पाठ होतं. एका सकाळी त्यांची अशी पाचावर धारण बसली की पेशंट यायच्या आधी त्यांनी स्वतःचा उजवा हात काचेवर ठेवला आणि सोबतच्या टेक्निशियनला म्हणाल्या, "दादा, बटण दाबा."

"काय झालं?"

"दाबा तर खरं."

हाताच्या फोटोला श्वास रोखावा लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरीही त्यांनी तो रोखला होता.

फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, किती छान हात आहे! चौकटीत लावा." रोखाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी आयाबायांना आपल्या पैशानं चहा पाजला आणि विचारलं तर कारण सांगितलं नाही. संध्याकाळी बाकावर बसल्या, पिशवी उघडली, आणि बघतात तर आधीपेक्षाही जास्त ओळी आवळलेल्या.

आता काय म्हणायचं? बोटं ठणठणीत आहेत, म्हणजे मनच आवळलंय. त्याचा तर फोटोही निघत नाही. त्यांनी निमूटपणे त्या ओळी उसवल्या. पुन्हा विणल्या नाहीत. लोकरीचा गुंडा करून पिशवीत टाकला आणि मुलगी केस पुसत बाहेर येईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या गेल्या आयांमधल्या थोरल्या आयेला सांगून टाकलं, "मावशी, उद्या तुमच्यासाठी लोकर आणते. सगळीच."

आणि त्याच दुपारी यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला संध्याकाळशिवाय येणार नव्हता. रोखाबाईंना घरी जायला मिळालं.

त्यांनी आपल्या किल्लीनं दार उघडलं. दारामागचा खिळा रिकामा होता. पिशवी नाही. त्या तिथंच थांबल्या, कारण स्वयंपाकघरातून बारीकसा आवाज येत होता. सुईवर सुई लागल्याचा. हा आवाज जन्मभर ऐकलेल्या माणसाला तो भिंतीपलीकडूनही कळतो.

खिडकीपाशी खुर्ची ओढून सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर धुरकट निळी शाल. आणि हात असे चालले होते, की बघत राहावं.

सासूबाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. एके काळी त्यांच्या हातचे स्वेटर सगळ्या नातेवाइकांच्या अंगात असायचे. मग लेक कॉलेजात गेला आणि एका सकाळी म्हणाला, "आई, हा टोचतो गं. मला विकतचा आण." तो बोलून विसरला. त्या विसरल्या नाहीत. सुया बाजूला गेल्या, पुढे डोळे अधू झाले, आणि "आता दिसत नाही बाई" हे कारण सोयीचं झालं. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून स्वच्छ दिसत होतं. तेवढं मात्र त्यांनी कुणाला आवर्जून सांगितलं नव्हतं.

"आई?"

सासूबाई दचकल्या. शाल पाठीमागे लपवायला गेल्या, पण ती आता लपण्याएवढी राहिली नव्हती.

"तू कशी काय आत्ता? बरं नाही का?"

"आई, हे तुम्ही कधीपासून करताय?"

"अगं, रागावू नकोस. तू जेवताना म्हणालीस ना, पुरी झाली नाही तर सगळं वाटून टाकीन. मी रोज पिशवीत डोकावायची. वाढत होती, पण अगदी हळूहळू. म्हटलं, पोरीला वेळच मिळत नाही. दुपारी मी काय, टीव्हीच बघते. दोन ओळी घालाव्यात. तर वाढायचीच थांबली. म्हणून मग चार घालायला लागले. आज तर सुईवर अगदीच कमी उरलं होतं, म्हटलं हिनं उसवलं की काय!"

"उसवलंच!" रोखाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "रोज उसवतेय मी! तुमचे टाके घट्ट, मला वाटलं माझेच आहेत. मला वाटलं माझी बोटं गेली, आई! मी हाताचा एक्स-रे काढला!"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मी विणायचं..."

"आणि मी उसवायचं."

"आणि तू उसवायचीस म्हणून मी आणखी विणायचं!"

आणि मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, रोखाबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. किती दिवस छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं होतं. बोटं शाबूत होती, मन शाबूत होतं, हात होता तसाच सैल होता. आनंदापेक्षा त्यांना हलकं वाटलं, इतकं हलकं की उठायलाही सुचेना.

हसता हसता रोखाबाईंना रडू कधी फुटलं ते त्यांनाही कळलं नाही. सासूबाई उठल्या, पाणी घेऊन आल्या आणि शेजारी फरशीवरच टेकल्या. "सोड आता तो श्वास," त्या म्हणाल्या. "जगाला सांगतेस, स्वतःला सांगायचं कळत नाही. आणि एक्स-रे काढलास, पण मला विचारलं नाहीस!"

"काय विचारणार होते? शाल रात्रीतून आपोआप आवळते का म्हणून?"

"तेही खरंच." सासूबाईंनी शाल मांडीवर ओढली आणि जरा वेळ टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझा हात घट्टच. म्हणूनच टोचत असणार त्याला." आणि सुई काढून ओळी उसवायला लागल्या.

रोखाबाईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या."

"अगं, तिथं आत ओढल्यासारखी दिसेल."

"दिसू दे. आता मी एकही टाका उसवणार नाही. आई, तुमचे टाके किती एकसारखे आहेत! मी जन्मात असे घातले नाहीत. आणखी थोडं विणा तुम्ही. मग मी घेते."

सासूबाई उठल्या. खुर्चीवर जाऊन बसल्या आणि विणायला लागल्या. त्या दिवशी रोखाबाईंनी चहा केला, आणि भर दुपारी घरात बसून, कुणीही कात्री न मागता, दुसऱ्या कुणाला तरी विणताना बघितलं.

मावशींना दुसऱ्या दिवशी लोकर मिळाली नाही. "विचार बदलला," रोखाबाईंनी सांगितलं. "बाईनं तरी एकदा ठरवावं काय ते," असं मावशी दिवसभर पुटपुटत होत्या.

त्यानंतर घरात एक नवा कायदा आला. रोखाबाई संध्याकाळी परतल्या की सासूबाई खिडकीपाशी दुसरी खुर्ची ओढत. पहिल्याच दिवशी नवरा दारात येऊन उभा राहिला. "अगं, कात्री..."

"शिवणाच्या डब्यात," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिच्याशी बोलू नकोस, ओळीच्या मध्यावर आहे ती."

"मी फक्त विचारत..."

"ओळ संपू दे."

तो गेला. डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग आश्चर्यानं भरलेला आवाज, "अरे, आहे की इथं!" रोखाबाईंच्या सुया थांबल्या नाहीत.

शाल पुरी झाली त्या दिवशी शेवटचे टाके रोखाबाईंनी बंद केले आणि धागा सासूबाईंनी तोडला. मुलीनं ती पसरून बघितली. दोन्हीकडे छान रुंद आणि मधोमध चांगली वीतभर बारीक. "हिला तर कंबर आहे!" ती ओरडली. मग स्वतःच जाऊन अनाथालय उघडलं, एकुलता पायमोजा आणून आजीच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "आता याचा भाऊ." आजीनं तो पायाला लावून बघितला आणि रंग बरा आहे म्हणाली.

आता एक्स-रेच्या थंड खोलीत रोखाबाईंच्या खांद्यावर ती शाल असते. परवा छातीचा फोटो काढायला एक आजीबाई आल्या होत्या. घाबरलेल्या होत्या, पण नजर तेज. यंत्राला टेकून उभ्या राहता राहता म्हणाल्या, "बाई, शाल मधे आटलीय हो तुमची. गरम पाण्यात धुतली वाटतं?"

"नाही, आटली नाही," रोखाबाईंनी शाल नीट ओढून घेतली. "मधे माझ्या सासूबाई आहेत."

आजीबाई वळून बघायला लागल्या. रोखाबाईंनी त्यांचे खांदे हलकेच सरळ केले. "सांगते सगळं. आधी श्वास घ्या. रोखा. हलू नका... हां. सोडा."