आधी फिक्सर पडलेला रोल

भूत, आत्मा, संकेत... यातलं काहीच मी मानत नाही. आजही नाही! सौंसरला फिजिक्सची ट्युशन घेते मी. पोरं असलं काही बोलली की पहिली मीच हसते. पण हे सांगितल्याशिवाय राहवूनच नाही राहिलं!

आमच्या शेजारच्या काकांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला, पण न्हाणीघराला काळे पडदे लावून ते मला रोलचा कॅमेरा शिकवतात — उजेड किती घ्यायचा, रोल कसा धुवायचा, सगळं. गंमत पाहा, आख्ख्या तालुक्यातल्या नवरी-नवरदेवांचे फोटो काढणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा एक धड फोटो नव्हता! कॅमेरा दिसला की काकूंचा पदर तोंडावर. "माह्या थोबाडाचा काय फोटो काढता जी?"

यंदा पांढुर्ण्याजवळ त्यांच्या माहेरच्या संत्र्याच्या बागेत गेलो होतो. काय मनात आलं कोण जाणे, काकू मला म्हणाल्या, "काढ वं पोरी एक." मी काढला. एकच.

पुढच्या महिन्यात काकू अचानक गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, तेव्हा काका म्हणाले, "चाल, रोल धू. तिचा फोटो आहे त्याच्यात." मी धुवायला बसले.

आता आमची पद्धत ऐका. दोन्ही औषधं सरबताच्या जुन्या बाटल्यांत. चिठ्ठी वगैरे काही नाही; डावीकडची डेव्हलपर, उजवीकडची फिक्सर. तेरवीच्या पाहुण्यांनी न्हाणी घासूनपुसून बाटल्यांच्या जागा बदलून ठेवल्या, आणि मी बावळट, सवयीनं डावीकडची उचलून रोलच्या बंद डब्यात ओतली! डेव्हलपर चित्र उमटवतं, फिक्सर न उमटलेला उरलेला थर काढून टाकतं. फिक्सर आधी पडलं की चित्र उमटायच्या आधीच साफ.

फिक्सरचा आंबट वास आला तेव्हा काकांनी बाटली नाकाशी धरली.

"गेली," म्हणाले.

मी तर रडायलाच लागले. मग तेच म्हणाले, "डेव्हलपर टाक."

"आता काय उपयोग, काका?"

"टाक म्हनलं ना!"

टाकलं. सगळं उरकून डबा उघडला. रोल पारदर्शक, कोरा! कडेला छापून येणारे आकडेसुद्धा गायब. मी तो उजेडाकडे धरून सरकवत गेले आणि... अगं बाई! मधोमध एक फ्रेम. स्पष्ट. काकू!

"काका, पाहा ना! काका!!" केवढ्यानं ओरडले मी!

लगेच प्रिंट काढली. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर हळूहळू संत्र्याची पानं आली, मग पदर, मग चेहरा. काका माझ्या पाठीवर धपाधप मारत हसत होते, रडतही होते. "हासून राहिली पाह्य! हासून राहिली!"

नंतर मी तोच घोळ मुद्दाम दुसऱ्या रोलवर करून पाहिला. कोरा. परत केला. परत कोरा! केमिस्ट्री शिकवणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, ती म्हणे शक्यच नाही. मग फ्रेम कुठून आली? मला अजून माहीत नाही, कोणाला सुचलं तर खरंच सांगा.

काकांना मात्र उत्तर नकोच आहे. परवा मी पुन्हा तेच घेऊन बसले, तर फोटोवरची धूळ पुसत म्हणाले, "तू शोध कारण. मले तर ती भेटली ना."