बोटांखालची खटखट

ये गं मंजू, अशी जवळ बस. पाहुण्यासारखी दारात काय उभी राहतेस? ठाकुर्लीला मैत्रिणीकडे येतेस, काकूचे दोन जिने तेवढे तुला जड होतात! असू दे. चहा घे. आज सांगणार आहे ते मी वर्षानुवर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. तुझे काका गेले, त्यांनाही नाही.

आपली जुनी पांढरी गाडी आठवते ना? मला कोणी शिकवलं नव्हतं गं. काका वैतागून बॉनेट उघडं टाकून निघून जायचे, आणि मी पदर खोचून आत डोकं घालायचे. पुढे पुढे बिल्डिंगमधले पुरुष मला विचारायला यायला लागले. तेच डोक्यात गेलं.

तू होस्टेलला होतीस तेव्हा तिच्या स्टेअरिंगला प्ले आला. म्हणजे स्टेअरिंग आधी फिरायचं, गाडी मागाहून, तिच्या मनाला येईल तेव्हा वळायची. हे शोधायला दोन माणसं लागतात — एकाने आत बसून स्टेअरिंग जरा जरा हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. झिजलेला सांधा बोटांखाली खटखटतो. खाली मी. आत कोण होतं? तुझे बाबा.

आणि मला खटखट लागली. डाव्या चाकाजवळ, अगदी स्पष्ट.

तो सांधा बदलायचा, एवढंच काम. पण संध्याकाळी बाळकुमला हळद होती. नवा सांधा कल्याणहून आणायचा, जुना ठोकून काढायचा — कधी होणार? आणि मी तर सगळ्यांना सांगून बसले होते, आम्ही आमच्या गाडीने येतोय म्हणून.

"काय वहिनी, सापडला का चोर?" बाबांनी वरून विचारलं.

"सापडला. बॉक्स ढिला आहे," मी म्हटलं, आणि स्टेअरिंगच्या बॉक्सचा स्क्रू आवळून टाकला. त्याने प्ले लपतो. हाताला घट्ट लागतं, माणसाला वाटतं झालं काम. सांधा झिजलेलाच राहतो. मला हे माहीत नव्हतं का? होतं गं. चांगलं माहीत होतं.

हळदीत तुझ्या बाबांनी थेंब घेतला नाही. ग्लास पुढे करणाऱ्याला म्हणाले, "आज नको बाबा, वहिनीची गाडी आहे. ओरखडा आला तर मला सोलून काढेल." मी शेजारीच होते, हसले. परतताना वळणावर त्यांनी स्टेअरिंग फिरवलं — गाडी सरळच गेली, भिंतीवर. पुढे तुझी आई बसली होती.

हळदीहून येणारा पुरुष — कोणी काही विचारलं तरी का? सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, प्यायलेला असणार. गॅरेजमध्ये एकाने तेवढं म्हटलं, हा सांधा निसटला कसा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडीतलं मलाच कळतं ना! मी म्हटलं, "आपटल्यावर निसटला."

एवढंच बोलले. मग गप्प बसले.

तुझी आई अंथरुणाला खिळली, तिथूनच गेली. शेवटपर्यंत तिने तुझ्या बाबांच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी पाजायचे — मी! आणि तू बाबांचं घर सोडलंस. ते आधी भांडायचे, मी प्यायलो नव्हतो म्हणून. मग भांडायचे थांबले.

मागे टिटवाळ्याला तुझ्या बाबांकडे जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी. त्यांनी नीट ऐकलं आणि माझा हात थोपटला. "वहिनी, किती सांभाळून घ्याल मला? प्यायलो होतो मी." कोणी पाजली, ग्लास कसला होता, तेसुद्धा सांगितलं. असं काही घडलंच नव्हतं, मंजू. पण त्यांना ते आता आठवतं. मी कितीही सांगितलं तरी ते माझीच समजूत घालतात.

तू काही बोलू नकोस. मला माफी नको आहे, आणि कोणत्या तोंडाने मागू?

चहा गारच झाला बघ तुझा. रविवारी मी डबा घेऊन त्यांच्याकडे जाते. तूही ये टिटवाळ्याला. लवकर ये — दारात कोण उभं आहे, हे ते अजून तरी ओळखतात.