भौतिकशास्त्राच्या सरांची लाल पुली

भूकंपानंतर लातुरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं, तेव्हा माझं इंजिनकामाचं गॅरेज होतं. भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर गाडी जोरात पळावी म्हणून इंजिनाची ताकद वाढवून घ्यायला आले. इंजिनातला मुख्य फिरता दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, त्याच्या टोकाला रबराची कडी असलेला जड बॅलन्सर बसवतात. शाफ्टला पीळ बसून होणारी थरथर ते रबर खातं. वाढलेली ताकद झेपेल असा एक बॅलन्सर मी निवडून ठेवला होता. सर मात्र हैदराबादहून अ‍ॅल्युमिनियमची लाल, चकचकीत पुली घेऊन उगवले. तिच्यात रबर नव्हतंच.

"सर, ही नुसता पट्टा फिरवती. थरथर कोण खाणार?"

"मिस्त्री, कंपनं मी शेकडो पोरांना शिकवतो. वजन कमी की वेग जास्त. बसवा."

मी मुकाट्यानं बसवली, याची मला आजही चीड येते.

दोन महिन्यांत मुखेडच्या रस्त्यावर शाफ्टचे दोन तुकडे झाले. ट्रॅक्टरला बांधून आणलेल्या गाडीशेजारी उभं राहून सर म्हणाले, "लोखंडच कच्चं निघालं."

एवढं शिकलेला माणूस आणि इतका कोडगा! मी म्हणालो, "लोखंड पक्कं हाय सर. आता बॅलन्सर मी म्हणंल तोच बसंल, न्हाई तर गाडी घेऊन जावा."

त्यांनी गाडी नांदेडला नेली. तिथं नवा शाफ्ट टाकला आणि वर तीच लाल पुली बसवून घेतली.