उतारावरची मगर

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या — जीभ जड होते माझी.

पलटणीतून सुभेदार म्हणून घरी आलो आणि हौसेनं फायबरची छोटी होडी घेतली. गळ टाकून निवांत बसायचं, एवढंच मनात. पण होडी पाण्यात उतरवायची कुठून? कराडपासून खाली कृष्णाकाठ हिंडलो. घाट पुष्कळ, पण सगळे पायऱ्यांचे. पायऱ्यांवरून होडीची चाकांची ट्रॉली कशी न्यायची? शेवटी सोय सापडली ती आमच्याच गावात. महापुरानंतर बचावाच्या होड्यांसाठी सिमेंटचा उतार बांधला होता, सगळ्यांना खुला. बायका तिथं धुणं धुवायच्या. आणि बापू — जाळं टाकून पोट भरणारे गावातले म्हातारे — तिथूनच रोज आपली होडी ढकलायचे.

पहिल्या दिवशी जीपला ट्रॉली जोडून मागं घेतली. स्टिअरिंग इकडं फिरवलं की ट्रॉली तिकडं! होडी आडवी झाली, जीपचं चाक शेवाळावर सरकलं. बायका फिदीफिदी हसल्या. बापू म्हणाले, "आवं सुभेदार, रणगाडा बी असाच चालवत हुतासा व्हय?" चेष्टाच ती. लगेच खांदा लावायलाही तेच धावले. पण मला लय झोंबलं. कारण... हेही सांगूनच टाकतो. पलटणीत मी कोठारात होतो. रणगाड्याच्या मी गावात नुसत्या थापा मारल्या होत्या.

मग काय केलं मी? दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं — उतारावर मगर बघितली, चांगली मोठी. आमच्या नदीत मगरी आहेतच, खोटं कोण म्हणणार? आणि सांगतोय कोण, तर सुभेदार! दोन दिवसांत उतार ओस पडला.

मगर नव्हती हो. कुणी बघत नसताना ट्रॉली मागं घ्यायला शिकायचं होतं मला, बस्स. चार दिवसांनी "गेली वाटतं" म्हणून मोकळा होणार होतो. नाही झालो. का? तर मगर असताना होडी घालणारा वाघ म्हणून गाव माझ्याकडं बघायला लागलं — आणि ते मला गोड लागलं. किती हलकट असावं माणसानं?

बापू मग नदीच्या वळणावरून होडी उतरवायला लागले. तिथं उभी दरड, नुसता चिखल. एका पावसाळ्यात पाय घसरला आणि होडी अंगावर आली. खुबा मोडला, तो नीट बसलाच नाही. जन्मभर नदीवर राबलेला माणूस बाजेवर पडला. माझ्यामुळं.

भेटायला गेलो. बापूंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "पाय गेला तर जाऊ द्या, सुभेदार. तुमी सांगितलं म्हणून जीव तरी वाचला."

तेव्हा बोलायला हवं होतं ना? मी काय म्हणालो — "असू द्या, बापू." वर मोठेपणानं. आणि त्यांच्या सुनेनं दिलेला चहा प्यालो.

बापू अजून आहेत. ऐकूही नीट येतं. बाज दारातच असते, आणि उताराकडं जायचा रस्ता त्या दारावरूनच जातो. रविवारी ट्रॉली घेऊन निघालो की ते हात वर करतात. म्हणतात, "जपून जावा, सुभेदार."

मी जीप थांबवत नाही.